दोघांच्या देखत लिहिलेली वही

वडगाव मावळात आमचे किराणा-भुसार मालाचे जुने दुकान आहे. वडिलांच्या काळात दुकानातल्या काळ्या टेलिफोनवरून मुंबईच्या आडत्याशी बोलायचे झाले, तर आधी एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल नोंदवावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे तीन दर असत. तासाभराने केव्हातरी घंटा वाजे, आणि बोलणे रंगात आले की तीन मिनिटे संपत आल्याची सूचना ऑपरेटर देई. आपले बोलणे मध्ये बसलेला कोणी ऐकू शकतो, ही जाणीव दोन्ही टोकांना सारखीच होती. त्यामुळे फोनवर मालाचा भाव ठरे, प्रत सांगितली जाई, घरच्यांची खुशाली विचारली जाई. नाजूक गोष्ट मात्र प्रत्यक्ष भेटीसाठी राखून ठेवली जाई.

तो ऑपरेटर आता राहिला नाही. त्याच्या जागी प्रत्येकाच्या हातातील फोनच सारे टिपून ठेवू लागला आहे. कित्येक स्मार्टफोनमध्ये सर्व कॉल आपोआप रेकॉर्ड होण्याची सोय असते. ती एकदा चालू केली की पुढे फोनच्या मालकालाही तिचा विसर पडतो. मात्र समोरच्याला तिची काहीच कल्पना नसते. पूर्वीच्या आणि आताच्या काळातील खरा फरक मला येथे दिसतो. पूर्वी ऐकले जाण्याची शक्यता दोघांनाही ठाऊक होती. आता ती एकालाच ठाऊक असते.

आपल्या भागात हा प्रश्न विशेष टोकदार झाला, त्याला कारण आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला आणि त्यानंतर पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ या तिन्ही मावळांतील जमिनीकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. जिथे इंद्रायणी तांदूळ पिकत होता, तिथे बंगल्यांचे प्लॉट पडले. जमिनीची पहिली बोली, एजंटाचे दलाल शुल्क, विसाराची रक्कम, साठेखताची तारीख, हे सारे फोनवर ठरू लागले. भाऊबंदकीतील वाटण्यांचे बोलणेही फोनवरच होऊ लागले. आणि मग बोलता बोलता मध्येच कोणी विचारू लागले, “रेकॉर्डिंग तर चालू नाही ना?” दोन परिचितांच्या संभाषणात हा प्रश्न यावा, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. म्हणून कायदा याविषयी काय म्हणतो, हे मी वडगावच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या एका स्नेह्यांकडून समजून घेतले. ते वाचकांपुढे ठेवावे आणि त्यापुढे जाऊन जे वाटले तेही मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या विषयातील पायाभूत निकाल आपल्या महाराष्ट्रातीलच आहे. मे १९६४ मध्ये मुंबईत शस्त्रक्रियेनंतर एका रुग्णाचा मृत्यू झाला. त्या काळी मुंबईत संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा ‘कॉरोनर’ हा अधिकारी असे. काही महिन्यांनी कॉरोनर आर. एम. मलकानी यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे पैशांची मागणी केल्याची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक अधिकाऱ्यांकडे गेली. ७ ऑक्टोबर १९६४ रोजी अधिकारी टेपरेकॉर्डर घेऊन दुसऱ्या एका डॉक्टरांच्या घरी गेले. त्या डॉक्टरांच्या संमतीने यंत्र टेलिफोनला जोडले गेले आणि त्यांचे कॉरोनरशी झालेले बोलणे मुद्रित झाले. हे मुद्रण बेकायदा आहे, तार अधिनियमाचा त्यामुळे भंग झाला आहे, असा बचाव पुढे करण्यात आला.

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर १९७२ रोजी तो बचाव फेटाळला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने स्वखुशीने आपले संभाषण दुसऱ्या कोणाला ऐकू दिले वा मुद्रित करू दिले, तर ते तारेत केलेले हस्तक्षेपण ठरत नाही. आणि कॉरोनरही कोणत्याही दडपणाविना, आपल्या मर्जीने बोलत होते, असे न्यायालयाने म्हटले. मात्र असे मुद्रण पुरावा म्हणून मान्य होण्यासाठी ते प्रकरणाशी संबंधित असावे, आवाजाची ओळख पटावी आणि त्यात काही खोडले वा बदललेले नाही याची खात्री व्हावी, अशी पथ्येही न्यायालयाने घालून दिली. त्याच निकालात असाही आशय आहे की, निरपराध नागरिकाच्या टेलिफोनवरील संभाषणाला अन्यायकारक हस्तक्षेपापासून न्यायालये संरक्षण देतील. अपराध्याला मात्र कायद्याच्या हातून निसटण्यासाठी या संरक्षणाचा आडोसा घेता येणार नाही.

यातून सामान्य माणसाने एवढे ध्यानी घ्यावे की, ज्या संभाषणात आपण स्वतः सहभागी आहोत ते मुद्रित करणे हा आपल्याकडे एरवी गुन्हा मानला जात नाही. दुसऱ्या दोघांचे बोलणे तिसऱ्याने चोरून टिपणे ही गोष्ट मात्र सर्वस्वी वेगळी. सरकारलाही ते मनमानीने करता येत नाही, त्यासाठी कायद्याने ठरवलेली कारणे आणि सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. आता २०२३ च्या दूरसंचार अधिनियमानुसार बेकायदा रीतीने दुसऱ्याचा संदेश मध्येच टिपणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुलाच्या, सुनेच्या किंवा भागीदाराच्या फोनमध्ये त्यांच्या नकळत एखादे अ‍ॅप बसवून त्यांची बोलणी ऐकणाऱ्यांनी हे विसरू नये. स्वतःचे संभाषण मुद्रित करणाऱ्यानेही ते समाजात फिरवून कोणाची बदनामी केली किंवा त्याची भीती घालून पैसे मागितले, तर अब्रुनुकसानी आणि खंडणी यांचे कायदे आहेतच.

“माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे” असे ठासून सांगणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. न्यायालयात नुसता पेनड्राइव्ह नेऊन चालत नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळ टळून गेल्यावर स्वीकारला गेला, असा वाद झाला होता आणि निवडणूक कार्यालयातील चित्रीकरण हा त्यातील महत्त्वाचा पुरावा होता. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातील त्या दाव्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले नसेल आणि त्यातील मजकुराची प्रत दाखल केली असेल, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र सोबत असलेच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र आता दोन भागांत द्यावे लागते. एक भाग उपकरण बाळगणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. तेव्हा खरोखरच पुरावा म्हणून उपयोगी पडणारे मुद्रण असेल, तर मूळ फोन जपून ठेवणे महत्त्वाचे. ते दहा जणांना पाठवून, कापून, जोडून काहीच साधत नाही. उलट त्याची विश्वासार्हता जाते.

रेकॉर्डिंगला सरसकट नावे ठेवण्याची माझी इच्छा नाही. पवन मावळातील एका वृद्ध शेतकऱ्याने आपल्या तीन गुंठ्यांच्या व्यवहारात एजंटाला ५० हजार रुपये रोख दिले होते. पावती नव्हती. व्यवहार फिसकटल्यावर एजंटाने कानांवर हात ठेवले. त्या शेतकऱ्याच्या नातवाने सांगितल्यावरून आजोबांनी पुन्हा फोन केला. पैसे मिळाले आहेत, पण आता देता येणार नाहीत, असे एजंट बोलून गेला. ते मुद्रण गावातील चार माणसांनी ऐकले आणि महिन्याभरात पैसे परत आले. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. ज्याच्यापाशी ना कागद, ना वकील, ना ओळखपाळख, अशा माणसाचा तो एकमेव साक्षीदार होता. कर्जवसुलीच्या नावाखाली धमकावणारे, पोलीस असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अटक’ करणारे भामटे, कामासाठी पैसे मागणारा कर्मचारी, यांच्याशी बोलताना पूर्वसूचना देण्याचे बंधन कोणी कोणावर घालू नये. १९६४ च्या त्या खटल्यातही टेपरेकॉर्डर नाडल्या गेलेल्या माणसाच्या बाजूनेच उभा होता.

परंतु याच साधनाचे दुसरे रूपही मी पाहिले आहे. आमच्या परिचयातील एका कुटुंबात वडील निवर्तल्यावर दोन भावांमध्ये दुकान आणि घर यांच्या वाटणीचा प्रश्न आला. चार वडीलधाऱ्यांनी बसून तो सोडवावा, असे ठरले. त्यात मीही होतो. बोलणे बरेच पुढे गेले होते. इतक्यात धाकट्याने खिशातून फोन काढला आणि एक संभाषण सर्वांना ऐकवले. वडिलांच्या निधनानंतर पंधरवड्याच्या आतला तो कॉल होता. थोरल्याचा आवाज दाटून आलेला होता. “दुकान तू सांभाळ, मला काही नको, आईला तेवढे जप,” असे तो म्हणत होता.

खोलीत कोणी काही बोलेना. थोरल्याने खाली पाहिले आणि शांतपणे म्हणाला, “शब्द माझेच आहेत. पण मी ते तुझ्याशी बोललो होतो, या सर्वांशी नव्हे.”

धाकट्याने खोटे काही केले नव्हते. संभाषण त्याचेच होते, एक अक्षरही बदललेले नव्हते. त्याच्या फोनमध्ये सारेच कॉल आपोआप साठत होते. त्या रात्री त्याने मुद्दाम काही योजले होते, असेही नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या मुद्रणाला फारशी किंमतही नव्हती, कारण स्थावर मिळकतीतील हक्क सोडायचा तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोडपत्र नोंदवावे लागते. फोनवरच्या एका वाक्याने ते होत नाही. आमच्यापैकी एकाने तसे सांगितलेही. तरी थोरल्याने हट्टाने दुकानावरचा हक्क सोडला आणि पुढच्याच आठवड्यात रीतसर सह्या केल्या. त्यानंतर मात्र त्याने भावाला फोन करणे सोडले. काही सांगायचे झाले तर दोन ओळींचा संदेश येई: आईच्या औषधाची तारीख, घरपट्टीची रक्कम. दुकान धाकट्याला मिळाले, पण ज्याच्याशी रात्री-अपरात्री मन मोकळे करता येत असे तो भाऊ अंतरला. पुढे कित्येक महिन्यांनी संवत्सरीच्या दिवशी स्थानकात दोघांनी एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले, तेव्हा धाकट्याचे डोळे भरून आले होते. आता ते एकमेकांकडे जातात-येतात. फोनवर मात्र अजूनही मोजकेच बोलतात.

या प्रसंगाने मी पुष्कळ विचारात पडलो. आम्ही व्यापारी माणसे. नोंदीचे महत्त्व आम्हाला कोणी शिकवायला नको. लिहून ठेवलेले बरे, हे आमच्या घराण्यात लहानपणापासून कानांवर पडत आले. मग एका नोंदीने एवढे दुखावे का? उत्तर मला दुकानातल्या उधारीच्या वहीत सापडले. गिऱ्हाईक समोर उभे असताना आपण वहीत रक्कम मांडतो, ती मोठ्याने वाचून दाखवतो, आणि तीच त्याच्याजवळच्या छोट्या वहीतही लिहून देतो. त्याला काही शंका असेल तर तो तिथल्या तिथे बोलतो. म्हणूनच त्या वहीवर दोघांचाही विश्वास असतो. गिऱ्हाइकाच्या नकळत मांडलेली रक्कम खरी असली, तरी ती वाचून दाखवली की त्याच्या मनात पाल चुकचुकतेच. नकळत केलेले रेकॉर्डिंग ही तशी एकतर्फी वही आहे. त्यातील मजकूर खरा असेल, पण ती मांडताना दुसरा माणूस हजर नव्हता.

आपल्याकडे अचौर्याचा विचार करताना ‘अदत्तादान’ असा शब्द वापरतात. जे दिलेले नाही ते घेणे. वस्तू आणि पैसा यांच्यापुरताच त्याचा अर्थ आपण सहसा लावतो. पण माणूस विश्वासाने बोलतो तेव्हा तो आपल्याला ऐकण्यापुरते काही देतो. ते साठवून ठेवण्यासाठी आणि इतरांना ऐकवण्यासाठी त्याने दिलेले असतेच असे नाही. त्या थोरल्या भावाचे वाक्य मला या अर्थाने फार नेमके वाटले.

पती-पत्नीच्या नात्यात तर हा प्रश्न सर्वाधिक दाहक ठरतो. भठिंड्याच्या एका घटस्फोटाच्या दाव्यात पतीने पत्नीशी झालेली, तिच्या नकळत मुद्रित केलेली संभाषणे न्यायालयात मांडली. अशा प्रकारांत निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी निरनिराळी मते दिली होती. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक दाव्यात अशी मुद्रणे पुरावा म्हणून घेता येतील, असा निर्णय दिला. त्याच वेळी न्यायालयाने असेही सुचवले की, पती-पत्नी एकमेकांवर पाळत ठेवण्याच्या थराला गेले असतील, तर ते नाते आधीच मोडल्याचे लक्षण आहे. छळ सोसणाऱ्या स्त्रीला या निर्णयाने आधार मिळेल, यात शंका नाही. पण ज्या घरात अजून काहीही मोडलेले नाही, त्या घरात केवळ ‘असू द्यावे’ म्हणून सासू-सुनेची, आई-मुलीची, नवरा-बायकोची बोलणी साठवत राहिली, तर रागाच्या एका क्षणी त्यांतील कोणते वाक्य बाहेर येईल आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर जाऊन पडेल, हे सांगता येत नाही.

ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. जर्मनीत खासगी बोलणे समोरच्याच्या संमतीविना मुद्रित करणे हा दंडसंहितेतील गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात खासगी संभाषणात भाग घेणाऱ्या सर्वांची संमती लागते. येथे सर्रास चालणारी सवय तिथे नोकरी करणाऱ्या मुलाला वा मुलीला अडचणीत आणू शकते. फोन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा कलही उघड सूचनेकडे दिसतो. गुगलच्या फोन अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंग सुरू होताच दोन्ही बाजूंना तशी घोषणा ऐकू येते. अ‍ॅपलने २०२४ मध्ये ही सोय दिली तीही घोषणेसह. काही जणांना ती घोषणा कटकटीची वाटते आणि ती टाळण्याचे मार्ग ते शोधत बसतात. मला मात्र ती आमच्या उधारीच्या वहीतील रक्कम मोठ्याने वाचून दाखवण्यासारखी वाटते.

व्यवहाराच्या बोलण्यात मी अलीकडे एक रीत पाळू लागलो आहे. महत्त्वाचा भाव किंवा तारीख ठरवायची असेल, तर आरंभीच सांगतो, “व्यवहाराची गोष्ट आहे, रेकॉर्डिंग लावतो, चालेल ना?” लोणावळ्याचे एक चिक्कीवाले आमच्याकडून गूळ आणि शेंगदाणे नेतात. पहिल्यांदा हे ऐकून ते हसले आणि म्हणाले, “लावा की शेठ! मग मीही भाव नीट विचारून सांगतो, मागाहून माझाच मुलगा भांडायला नको.” संमती विचारल्याने बोलणे आखडेल, अशी मला भीती होती. तसे झाले नाही. माणसे अधिक नेमके बोलू लागली, आणि संभाषण संपल्यावर ठरलेल्या गोष्टी दोन ओळींत लिहून पाठवल्या की बहुतेक वेळा रेकॉर्डिंग पुन्हा ऐकण्याची गरजही पडत नाही. कोणी नको म्हणाले, तर मी ते लावत नाही. लेखी कळवा, एवढेच सांगतो.

घरच्या माणसांसाठी तर याहून सोपे आहे. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप रेकॉर्ड होण्याची सोय बंद करावी. घरातील वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये ती चालू आहे का, हे मुलांनी त्यांच्याजवळ बसून पाहावे; कित्येकांना ती आहे याचाच पत्ता नसतो. साठलेली जुनी घरगुती संभाषणे, ज्यांत कोणी रडले आहे, रागावले आहे, मनातले बोलले आहे, ती पुसून टाकावीत. दिवंगत आईचा वा वडिलांचा आवाज जपायचा असेल तर अवश्य जपावा, पण भावंडांना तसे सांगून, सर्वांच्या संमतीने. धमकी, लाच, फसवणूक यांसाठी हे साधन हाताशी असू द्यावे आणि गरज पडली तर न घाबरता वापरावे. रात्री उशिरा भावाचा फोन आला, तर तो उचलून नुसते ऐकावे.